पेवाच्या तोंडाशी

आई, गेल्या महिन्यात मी एका गुहेत अडकले. अंधारात एकटी, अठरा मिनिटं. लेकीनं नंतर घड्याळ बघून सांगितलं म्हणून अठरा म्हणायचं, मला विचारशील तर मी दोन तास सांगेन. तेव्हापासून लिफ्टचं दार लागलं की मला घाम फुटतो, आणि तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे ती छातीवर येऊन बसते. त्या पेवाच्या दिवसाची. तू ती गोष्ट जन्मभर आल्यागेल्याला सांगितलीस, पण तू सांगायचीस तशी ती नव्हती. हे मला ठाऊक होतं आणि मामाला ठाऊक होतं. मामाही आता नाही. तुला जाऊन सव्वीस वर्षं झाली तरी हे लिहिताना तू मागं उभी राहून वाचत असशील असं वाटून मी दोनदा वळून बघितलं. साठी उलटलेली बाई मी, पण तुझ्या धाकाला रिटायरमेंट नाही.

गुहा भूमध्य समुद्रातल्या एका बेटावरची. बेटाचं नाव लेकीनं चारदा सांगितलं, माझ्या जिभेवर काही बसलं नाही. ती तिकडंच नोकरीला असते, तिनं हौसेनं मला फिरायला नेलं. सकाळी बस न्यायला येते, गाईड गुहा दाखवतो, दुपारच्या जेवणाला परत आणून सोडतात, अशी अर्ध्या दिवसाची सहल. मी म्हटलं, तू जाऊन ये, मी समुद्र बघत बसते. ‘आई, अगं आत सगळीकडे दिवे असतात. लहान लहान मुलंसुद्धा जातात,’ लेक म्हणाली. लहान मुलांचं तिनं मला सांगावं! पण मी निघाले. तिला पेवाची गोष्ट ठाऊक आहे, म्हणजे तू सांगायचीस ती. त्या गोष्टीतली शूर मुलगी गुहेला कशी नाही म्हणणार?

दोनशेच्या वर पायऱ्या उतरून गेलो. आम्ही वीसेक माणसं, सगळ्यांच्या डोक्यावर प्लॅस्टिकच्या टोप्या, पण दिवा एकट्या गाईडच्या कपाळावर. गाईड गोड बोलायचा. छतावरून लोंबणाऱ्या दगडांकडं बोट करून सांगायचा, हा देवदूत, ही राणी. माणसं माना वर करून ‘आहा’ करायची. मला सगळीकडं कडब्याच्या पेंढ्याच दिसत होत्या. तो पुढच्या दालनातले दिवे लावायचा आणि मागच्या दालनातले बंद करायचा. उजेड राहिला की दगडावर शेवाळ धरतं म्हणे. मी एकदा मागं वळून बघितलं. आलो ती वाटच नव्हती, नुसतं काळं. त्यात तो वास, कोंडलेल्या ओल्या मातीचा. तो वास मी पन्नास वर्षांपूर्वी एकदाच घेतला होता, पण नाक विसरत नाही.

शेवटच्या दालनाची वाट अरुंद होती, एका वेळी एकच माणूस, तोही वाकून. गाईड म्हणाला, कुणाला नको असेल तर सांगा. लेक पुढं फोटो काढत होती. मी गाईडपाशी गेले, हात हलवला आणि म्हणाले, ‘आय कम.’ येते मी. बत्तीस वर्षं टपाल खात्यात काढली, इंग्रजी पत्ते झोपेत वाचीन, पण माणूस घाबरला की इंग्रजी आधी पळून जातं आणि मागं राहिलेलं मराठीच इंग्रजी कपडे घालून बाहेर येतं. निघताना ‘जाते’ कसं म्हणायचं? जाते म्हणतो तो परत न येणारा. गाईडनं अंगठा दाखवला, ‘गुड, गुड’ म्हणाला आणि आत येणाऱ्यांत मला धरून टाकलं. मी आपली उलटी फिरले. लेकीला तो सांगेल, मी वर जाऊन ऊन खात बसेन. लोखंडी जिन्याच्या कठड्याला हात लागला आणि दिवे गेले.

तसा अंधार वर जमिनीवर नसतो, आई. डोळे उघडे आहेत की मिटलेत हे मी बोट लावून बघितलं. माझा मोबाईल लेकीच्या पर्समध्ये. होते तिथंच पायरीवर बसले. कुठंतरी पाणी ठिबकत होतं, आणि माझाच श्वास कुणीतरी शेजारी बसून घेतल्यासारखा ऐकू येत होता. हाक मारावी म्हणून तोंड उघडलं. लेकीचं नाव घ्यायचं होतं. तोंडातून आलं ते, ‘हायेस का?’

हे तुझे शब्द. बहात्तरचा दुष्काळ आहे. मी नऊ वर्षांची. वडील गिरणीत, आपण शुक्रवार पेठेत दोन खोल्यांत. रेशनच्या मिलोची, त्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी माझ्या घशाखाली उतरत नाही, मी ताटात ठेवून उठते, आणि तू एक दिवस म्हणतेस, ‘मामाच्या पेवात जुनी ज्वारी हाय की. चल, घेऊन येऊ.’ मंगळवेढ्याच्या अलीकडं मामाचं गाव. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं ज्वारीचं कोठार. वर तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत रांजणासारखं रुंद. मामानं आदल्या दिवशीच तोंडावरचा दगड सरकवून ठेवलेला. सकाळी दुष्काळी कामावर खडी फोडायला निघताना त्यानं तुला बजावलं, ‘आक्का, मी आल्याबिगर उतरू नगंस. आतली हवा लई वंगाळ असती.’ तू म्हणालीस, ‘व्हय व्हय, जा तू.’ तुझं ते ‘व्हय व्हय’ म्हणजे कधीच व्हय नसायचं. तो दुपारच्या सुट्टीत यायच्या आत पोतं भरून ठेवायचं, म्हणजे त्यानं वर ओढलं की दुपारची एस.टी. मिळेल, असा तुझा हिशेब. हवा बघायला दोराला कंदील बांधून आत सोडलास. तो जळत राहिला. ‘बग, जित्ता हाय की,’ म्हणालीस. कंदील टेकला होता ज्वारीच्या ढिगाच्या माथ्यावर. वाईट हवा साचते ती खाली, कडेला. हे मला फार पुढं, कुणीतरी समजावून सांगितलं तेव्हा कळलं.

उतरताना तू मला सांगितलंस, ‘हितंच बस. मी हायेस का म्हनलं की हाय म्हन. उठायचं न्हाय.’ मी बसले. ‘हायेस का?’ ‘हाय.’ तुझा आवाज आधी ठणठणीत होता, मधेच तू खालून हसलीस पण. ज्वारी पोत्यात पडल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला. ‘हायेस का?’ लांबून आलं. ‘हाय.’ मग बराच वेळ काही नाही. आणि मग जो आवाज आला तो तुझा नव्हता. जड, ओढलेला, झोपेतल्या बाईचा. ‘हा…येस… का…’ गावच्या पोरींनी मला आदल्याच दिवशी सांगितलं होतं, पेवात एक बाई हाय, ती आईच्या आवाजात हाक मारती, ओ दिली की आत वढती. मला वाटलं तीच. तिनं तुला गिळलं आणि आता मला बोलावतेय. माझा परकर ओला झाला. मी त्या भोकात तोंड घालून ‘येते!’ असं ओरडले आणि पळाले.

तू सांगायचीस ती गोष्ट इथून पुढं. ‘पोरीनं माजा आवाज वळखला. येते म्हनली आणि मामाला आनाय पळाली. मला वाटलं, ही खालीच उडी टाकती का काय! माजं तर डोकं गरगरत हुतं, पाय गेलं हुतं, तरी दोराला धरून हुबी ऱ्हायले आणि येऊ नगंस गं, येऊ नगंस गं म्हनून वरडत ऱ्हायले. हुबी हुते म्हनून वाचले.’ मग मामा आला आणि तुला वर ओढून काढलं. आणि मग तू माझ्या डोक्यावरून हात फिरवायचीस, आणि ऐकणारी बाई म्हणायची, केवढीशी पोर पण अक्कल बघा. त्या दिवाळीला तू तुझी एकुलती एक इरकल फाडून मला परकर शिवलास. काठ लाल होता. मी तो वर्षभर घातला, आणि घालताना दर वेळी वाटायचं की कुणाचा तरी चोरून आणलाय.

रागावलीस फक्त एकदा. आठ दिवसांनी मी शेजारी निघाले होते, उंबऱ्यातून ‘येते’ म्हणाले. तू स्टोव्हपाशी होतीस. हातातलं उलथनं तसंच घेऊन अंगावर आलीस. ‘अर्धं बोलू नगंस! जाऊन येते म्हन. आक्खं म्हन!’ मी रडले, तूही रडलीस, आणि पिठलं करपलं. तेव्हापासून मी जन्मभर आख्खं म्हणत आले. नेमकं त्या गुहेत अर्धं बोलले.

तर मी तिथं बसून ‘हायेस का’ म्हणाले आणि कुणी ‘हाय’ म्हटलं नाही. पुन्हा म्हणाले. पुन्हा काही नाही. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की तू तळाशी असताना वरून उत्तर येणं बंद झालं ते तुला कसं लागलं असेल. आजवर मी त्या दिवसाचा विचार वरून, पेवाच्या तोंडाशी बसूनच केला होता. मला खूप भीती वाटली आई, मरायची होती, पण त्याहून जास्त ही, की हे मी तुला दिलेलं आहे. मी मोठ्यानं रडले, पायरीवर डोकं ठेवून. आणि मग लांबून हाक आली, बाईचा आवाज, दगडांवर आपटून फुटलेला, जड. ‘आऽई…’ तुला सांगायला लाज वाटते, मी ओ दिली नाही. पोटची पोर हाक मारतेय आणि मी कठडा घट्ट धरून श्वास कोंडून बसले होते. ती परत ओरडली, ‘आई, आहेस का तू? बोल ना काहीतरी!’ ती रडत होती. ती रडल्यावर मला ओळखू आली. ‘हाय,’ मी म्हणाले. दिवे लागले. गाईड बिचारा पांढराफटक पडला होता, एकसारखा सांगत होता, यांनीच येते म्हणून सांगितलं.

बसमध्ये लेक माझा हात सोडीना. म्हणाली, ‘पेवापाशी तू नऊ वर्षांची असून डोकं चालवलंस, आणि आता बघ.’ ती चेष्टा करून मला हसवायला बघत होती. मी हसलेसुद्धा. तिला तिथं सांगता आलं नाही, म्हणून तुला लिहितेय.

मी मामाला आणायला पळाले नव्हते. मी नुसती पळाले होते. ओढ्यापाशी तो समोरून येताना दिसला; मुकादम आला नाही म्हणून काम बंद होतं, म्हणून लवकर परतला होता. त्यानं माझं मनगट धरलं. ‘कुटं पळतीस? आक्का कुटं हाय?’ मी बोलले नाही. मागं बोटसुद्धा दाखवलं नाही. मी त्याच्या हाताला हिसका देऊन सुटायला बघत होते. त्याला माझ्या कपड्यांवर पेवाची माती दिसली, तसा तो मला सोडून धावत सुटला. मी ओढ्यातच बसून राहिले. तुला वर काढून, ओसरीवर निजवून, तोच मला शोधत परत आला. एका शब्दानं रागावला नाही. हाताला धरून घरी नेलं आणि जमलेल्या बायकांना म्हणाला, ‘पोरगी मला बोलवाय आली म्हनून आक्का वाचली. शानी हाय लई.’ माझ्याकडं एकदा बघितलं आणि बैलाला पाणी दाखवायला निघून गेला. पुढं कितीदा भेटला, माझ्या लग्नात माझ्या मागं उभा राहिला, पण त्यानं तो विषय कधी काढला नाही.

हे पत्र मी पाकिटात घालणार नाही. पत्ता अपुरा असला की पत्राचं काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. पण एक राहिलंय. त्या संध्याकाळी ओसरीवर तू पडून होतीस, ओठ अजून काळेनिळे होते. बायका उठून गेल्यावर तू मला जवळ ओढलंस आणि माझ्याकडं न बघता, अगदी हळू विचारलंस, ‘तू येनार हुतीस की परत?’ मी म्हणाले, ‘व्हय.’ तू डोळे मिटलेस आणि पुन्हा कधी विचारलं नाहीस.

नव्हते येणार, आई.