पांढऱ्या बॉलचा टवका

गुरुवार, दिवेलागण झाली

आज आलं: पूल-टेबलावर खेळायच्या बॉलचा नवा सेट, रु. ३२००. रिठे, रु. ४०.

सकाळी सगळे बॉल रिठ्याच्या पाण्यात धुतले, परातीत मांडून देवापुढे ठेवले, एकेकाला कुंकवाचं बोट लावलं. मगच पुसून ह्यांच्याबरोबर कॅम्प तीन वस्तीतल्या आमच्या पूल खेळायच्या गाळ्यावर पाठवले. आणि आत्ता पांढरा बॉल घरी आलाय तो टवका उडून. पहिल्याच दिवशी!

कुठे आपटला ते मला ठाऊक आहे. टेबलाच्या कोपऱ्यातल्या पॉकेटचं रबर झिजून आतलं लोखंडी कडं उघडं पडलंय. जुना सेट त्यानेच खाल्ला. म्हणून तर जीन्सच्या कारखान्यातल्या चिंध्या आणून मी त्या कड्यावर जाड गादी शिवली होती. ह्यांनी ती उसवली. का, तर "पोरं हसतात, 'काका, टेबलाला चड्डी घातली का?' म्हणतात!"

म्हटलं, "अहो, हसू देत की. बॉल तरी वाचतील."

तर म्हणाले, "तूच पूजा नीट केली नसशील."

टवक्यावरून बोट फिरवतेय, नखाला लागतो. असा बॉल सरळ जात नाही. पोरं दुसरीकडे जातील, गाळा बंद पडेल. ह्या वयात ह्यांना काम कोण देणार? आणखी एक सेट घ्यायची ऐपत नाही आता.

देवा, ही वही तुझ्यापुढे ठेवतेय. चिंध्या अजून पिशवीत आहेत. हे माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतात. कडं झाकायचं की नाही, ते ह्यांनाच उलट टपाली कळव.