सुनेच्या डोकेदुखीच्या गोळ्या नव्हेत

मंगळवार, संध्याकाळ, ठाकुर्ली

सून दोन आठवडे डोकं धरून बसलेली, म्हणून आज मीच दवाखान्यात नेली. बीपी वाढलेलं निघालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुठल्या गोळ्या चालू आहेत?" माझ्याकडे बघत ही म्हणाली, "कुठल्याच नाहीत."

घरी तांदळाच्या डब्यात हात घातला, तर मूल न होण्याच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट. मेडिकलवाल्याला नेऊन दाखवलं, तर म्हणाला, बीपी असताना ह्या चालत नाहीत.

"भवाने, डॉक्टरणीशी खोटं बोललीस?"

"तुम्ही शेजारीच बसलेलात, आई. रोज म्हणता, नातीच्या पाठीवर नातू हवा. कसं सांगणार?"

तेव्हा माझ्याकडे कशाला बघितलंन, ते आत्ता कळलं. माझ्या तोंडापायी हिला काही झालं असतं तर? नातू कुठला घेऊन बसले मी!

उद्या परत नेते. आत तिला एकटीलाच पाठवते.