आदमचा उजवा हात

स्कागेन,
१९ नोव्हेंबर १९११

प्रिय लाउस्ट,

ग्रिम्सबीच्या बोटीवर काम बरं चाललं असेल आणि थंडीनं तुझी छाती पुन्हा धरली नसेल, असं मानून लिहायला बसलेय. इकडे वारा थांबायचं नाव घेत नाही. दारात वाळू साचते, मी रोज उपसते. तुझ्या आईचे गुडघे गेलेत, जीभ मात्र धडधाकट आहे. सुकवायला मासे यंदा कमीच मिळाले.

यातलं काहीच तुला कळवायची गरज नव्हती, मला माहीत आहे.

मला त्या चित्राबद्दल लिहायचंय. मे महिन्यात हॉटेलात उतरलेल्या चित्रकारांनी ते तिथंच मांडलं, तेव्हा गावादेखत तू पाहिलंस. देवानं बागेतून हाकलून दिलेले आदम आणि हव्वा आपल्याच वाळूच्या टेकड्यांवरून हातात हात घालून निघालेत. हव्वा मी, आदम दुकानातला क्रेस्टन. मागून कुणीतरी म्हणालं, जोडी शोभते हं. घरी येईपर्यंत मी तुला सांगत होते, की मी एकटीच उभी होते, हातात झाडूचा दांडा धरून. क्रेस्टनला चित्रकारांनी पुढच्या आठवड्यात उभं केलं. तू एवढंच म्हणालास, "दांडा कुणी असा धरतं होय?" तिसऱ्या दिवशी तू इंग्लंडची बोट धरलीस.

खरं सांगू? आदमचा तो हात बघून मलाही नवल वाटलं होतं.

सप्टेंबरात चित्रकार सामान बांधत होते आणि मी त्यांच्या खोलीची फरशी पुसत होते. न राहवून विचारलंच. ते हसले. म्हणाले, "क्रेस्टनचे हात साखर तोलणाऱ्याचे, बाई. आदमला कष्टाचा हात हवा होता. तो मी तुमच्या नवऱ्याचा घेतला." वही उघडून दाखवली. जानेवारीत तू चुलीपाशी जाळं सांधत होतास आणि ते समोर बसून काहीतरी खरडत होते, आठवतं? होडी ओढायच्या रहाटात चिरडलेलं तुझं वाकडं बोट तसंच्या तसं होतं. लाउस्ट, चित्रात माझा हात तूच धरला आहेस. स्वतःच्याच हातावर रागावून तू घर सोडलंस. आणि मी तुझी बायको, मलाही तो ओळखू आला नाही.

मग तेव्हाच का नाही कळवलं, असं विचारशील. तीनदा लिहिलं, तीनदा चुलीत टाकलं. तोवर उशीर झाला होता. तू गेल्यावर गाव बोलतच होतं, तुझी आई मला नावानं हाक मारेना. म्हटलं, नाव तर गेलंच आहे. जुलैमध्ये एक दिवस मी आपल्या पायांनी क्रेस्टनच्या दारात गेले. कुणी बळजबरी केली नाही. आता मला पाहिलं की तो दुकानाच्या मागच्या खोलीत जातो. मूल एप्रिलमध्ये होईल.

तू यावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. कोणत्या तोंडानं बोलावू? रात्रंदिवस जीव नकोसा होतो, पण तो भार तुझ्या गळ्यात घालायचा मला हक्क नाही. चित्र कोपनहेगनला विकलं गेलं. कधी समोर आलंच, तर तोंडं बघू नकोस, हात बघ. ते चित्र काढलं तेव्हा माझी काहीच चूक नव्हती.

जुलैपर्यंत फक्त तुझीच,
सिदसेल