डब्ब्याच्या डोळ्यावरचं कुंकू

घाटंजी, १४ मार्च २०१७

चि. निकितास आईचे लय लय आशीर्वाद.

घरी सारे बरे हाय. तुह्या वसतिगृहात मोबाइलले बंदी, म्हणून लिहून राह्यली. अवं, महिनाअखेर साधं केबल बंद! केबलवाला जलाल सांगून गेला, सेट-टॉपचा डब्बा लावा, नाईतर टीव्हीत नुसत्या मुंग्या दिसतीन. आन तुही खो-खोची फायनल त्याच्यानंतर!

बाबा म्हणतेत, कायले पाह्यजे डब्बा; परीक्षा झाली का पोट्टीले कायमची घरी आणतो, खेळणं पुरे झालं. त्यायनं तुले खेळतानी एकदाही पाह्यलं नाई वं. पाह्यलं तर असं म्हणणार नाईत. डब्बा मी आणीनच!

दूध पेत जाय. जीव लावते तसाच लावत राह्य.

तुही आई


नागपूर, २० मार्च २०१७

ती. आईस निकिताचा शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून खोलीभर उड्या मारल्या! फायनल २ एप्रिलले दुपारी हाय. माह्या जर्सीवर सात नंबर. बाबाले कसंही करून टीव्हीपुढं बसवजो, आन तूच मालिका लावून बसू नको बाप्पा! त्यायनं पाहूनही नाई म्हटलं, तर बॅग भरीन. रडीन मात्र लय.

दोघांचा हात डोक्यावर असू द्या.

तुही निकिता


घाटंजी, ३ एप्रिल २०१७

चि. निकितास बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुह्या आईनं डब्बा आणलाच. काल सकाळी जलालनं लावला, चालू करून दाखवला आन गेला. मले टीव्हीचं कौतुक नाई, पण नवी वस्तू घरात आली का पूजा मी सोडत नाई. डब्बा बंद करून नारळ फोडला, ट्रॅक्टरले लावतो तसं समोरून ठसठशीत कुंकू लावलं.

सामन्याची वेळ झाली आन रिमोट चालेचना! सारा मोहल्ला घरात. मी सेल बदलले, डब्ब्याले चापटा मारल्या, जलालच्या नावानं बोंबललो. तो धावत आला आन पोट धरून हासाले लागला. रिमोटचा इशारा घेते ना, त्या काळ्या काचेवरच मी कुंकू थापलं होतं! तुह्या आईनं पदरानं पुसलं, अन् चित्र आलं तं सात नंबर!

काय धावते वं तू! ती पोट्टी सुटलीच असं वाटलं, तं तू खांबापासून सूर मारून तिले धरलं. मी खुर्चीवरून कवा उठलो, मलेच कळलं नाई. ओरडलो बी. जलालची बायको जुबैदा अजून हासून राह्यली.

एका गुणानं हरले तुम्ही. मले रात्रभर झोप नाई. मी तुले आणाले येत नाई. बॅग खाटेखालीच राहू दे. पुढच्या साली त्यायले हरवजो, मी पाहून राह्यलो.

डब्ब्याले कुंकू पुन्हा लावलं हाय, पण मागच्या बाजूनं.

तुहा बाबा, पुंडलिक