मोहाखालचा खराटा

मोहटोला, आरमोरीजवळ,
जि. चांदा.
११ मे १९५८

प्रिय डोमा,

सप्रेम नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, तिकडे सिरोंच्याला तूही बरा असशील असं धरून चालतो. तीन वर्षांत मी तुला एकच पत्र धाडलं आणि त्यातही पावसापाण्याखेरीज काही नव्हतं. तेव्हा हे जाडजूड पाकीट पाहून टपालवाल्या पोचूने पत्ता चुकवला असं तुला वाटेल. चुकवलेला नाही, पत्र तुझंच आहे.

तेलुगू आली का रे? कमळा म्हणते, डोमाभाऊ आता आंबट सार भुरकून भुरकून पक्के तिकडचेच झाले असतील. आमची छबी तीन वर्षांची झाली. शाळेत सगळ्यात पुढे येऊन बसते आणि मोठ्या पोरांच्या पाट्या पुसते. मास्तराची पोरगी, म्हणून कोणी ओरडत नाही.

आता गावची मोठी बातमी. आपला खराटा परदेशात गेला! हसू नकोस, पूर्ण ऐक.

मोहफुलं वेचायची म्हणजे आधी झाडाखालचा पाला पेटवायचा आणि जागा साफ झाली की पहाटे फुलं टिपायची, ही आपल्याकडची आजापणज्यापासूनची रीत. तू नाकेदार म्हणून जंगल राखत होतास तेव्हा या मोसमात तुझ्या डोळ्याला डोळा लागत नसे. तुझी बदली झाली, त्याच्या पुढच्या वर्षी मी शाळेमागच्या मोहाखाली पाला न पेटवता खराट्याने झाडू लागलो. रुखमाबाई टोपली घेऊन चालली होती, ती थबकलीच.

"काऊन जी गुरुजी, बाईनं घरातून हाकललं का? जंगल झाडून राह्यले!"

राखेतली फुलं धुवायचा कंटाळा येतो, असं काहीतरी मी तिला सांगितलं. ते कारण खोटं होतं. त्यावर येतो पुढे.

चार दिवस तिने माझी टिंगल केली आणि पाचव्या दिवशी स्वतःच खराटा घेऊन आली. फुलं स्वच्छ मिळाली, वर झाडलेला पाला धानाच्या बांधीत खत म्हणून गेला. मग बायकांचं बायकांत सुरू झालं. पुढच्या वर्षी पहिलं फूल वेचण्याआधीच्या पूजेत सुकलू पुजाऱ्याने देवापुढे खराटा ठेवला आणि म्हणाला, "आजपासून मोहाखाली इस्तो पेटवाचा नाई." त्या पूजेतला शब्द कोणी मोडत नाही हे तुला मी काय सांगू? लेकींनी तो सासरी नेला. या मोसमात चौदा गावांनी पाला झाडला आणि आपल्या बाजूचं जंगल एकदाही पेटलं नाही.

गेल्या मोसमात रेंजर साहेबांसोबत एक परदेशी बाई आल्या होत्या, झाडाझुडपांचा अभ्यास करणाऱ्या. वहीत लिहीत उभ्या होत्या. रुखमाबाईने त्यांच्या हातात खराटा दिला. "पाहत काऊन राह्यली? झाड!" दुभाषी तोंड उघडेपर्यंत बाई वाकून झाडायला लागल्यासुद्धा. जाताना खराटा घेऊन गेल्या. त्यांच्या देशात डोंगरातले लोक अक्रोड वेचण्याआधी असंच गवत पेटवतात म्हणे. आफ्रिकेत मध काढणारे लोक आहेत, त्यांचंही तेच. बाईंनी सगळीकडे पत्रं घातली. प्रत्येक गावाने आपल्या रानापुरता आपला नियम करायचा आणि तो दुसऱ्या गावाला कळवायचा, एवढंच. आज सात देशांतल्या गावांची पत्रं आपल्या शाळेत येतात. रेंजर साहेब ती समजावून सांगतात आणि पोरं तिकिटांवरून मारामारी करतात. रुखमाबाईला वाटतं ही सगळी तिचीच माणसं आहेत. एका गावाने उत्तर धाडायला उशीर केला तर म्हणाली, "तिकडं पेटलं त नसन ना जी?" दोन दिवस तिला चैन नव्हतं.

येत्या हिवाळ्यात देहरादूनला या सगळ्यांची सभा आहे. मला बोलावणं आलं. रेंजर साहेब म्हणाले, "गुरुजी, हे सुरू कसं झालं ते एक पानभर लिहून द्या."

तिथेच घोडं अडलं. तीन दिवस कोरा कागद पुढ्यात घेऊन बसलो. कारण हे झाडण्यापासून सुरू झालेलं नाही, आगीपासून झालेलं आहे. डोमा, ती आग मी लावली होती.

पंचावन्न सालच्या मार्चमध्ये कमळा बाळंतपण आटोपून आरमोरीहून परत यायची होती. मला परीक्षेमुळे शाळा सोडता येईना. तूच म्हणालास, "मी घेऊन येतो वयनीले." गाडी जुंपून तू गेलास. मी खुशीत होतो. ती येईल तेव्हा मोहाखाली जागा तयार असावी म्हणून पाला पेटवला. तुम्ही लोक सकाळी, वारा नसताना पेटवता, हिरवी फांदी हातात धरून राख निवेपर्यंत उभे राहता. मी धानपट्टीतून आलेला मास्तर, भर दुपारी पेटवला आणि जेवायला घरात गेलो. जेवून जरा आडवा झालो. उठलो तेव्हा आग नाल्यापार होती. चार दिवस बांबू जळत होता. गावाला अजून मांडवापुरता बांबू मिळत नाही.

आणि पंचनामा लिहायला गावात लिहिणारा मी एकटाच! मी लिहिलं, आग नाल्यापार गेली तेव्हा तिथे कोणी नव्हतं, नाकेदारही जागेवर हजर नव्हता. खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. पाला कुणी पेटवला आणि तू कुणाच्या कामाला गेला होतास, तेवढं मी गाळलं. त्यावरून ठपका तुझ्यावर आला आणि तुझी सिरोंच्याला बदली झाली. मी भ्यालो होतो डोमा. तान्ही पोर घरात आली होती, नोकरी जाईल असं वाटलं. तू निरोप घ्यायला आलास, तेव्हा छबीला मांडीवर घेऊन मी खाली मान घालून बसलो. मला आजही त्याची लाज वाटते.

गेल्या महिन्यात ते पान लिहिलं. त्याच्या वरच्या ओळीतच आग कुणी लावली आणि नाकेदार कुठे होता ते लिहिलं आणि रेंजर साहेबांच्या हातात दिलं. काल वनखात्याचा कागद आला. तुझ्या नावावरचा ठपका काढून टाकला आहे. माझी चौकशी होईल; नोकरी राहील की जाईल, कोण जाणे. पण काल दुपारी मी तीन वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवलो, आणि कमळेने न विचारता आणखी एक भाकर वाढली.

मग गावाला जमवून सगळं सांगितलं. कोणी थुंकेल, कोणी उठून जाईल, अशी मनाची तयारी ठेवली होती. रुखमाबाई विडी विझवून म्हणाली, "मालूम हाये जी. धूर शाळेच्या मांगूनच उठला होता. आमी का आंधळे हावो?"

"मग तीन वर्षं बोलला का नाहीत?"

"डोमानं जाताना हात जोडले ना. म्हने, गुरुजीचं नाव घेऊ नोका. हा मास्तर गेला त दुसरा इथी येत नाई, पोरं ढोरामांगं जातीन."

डोमा, मी सगळ्यांसमोर रडलो. मग बायका हसायला लागल्या आणि मीही हसलो. देहरादूनला आता रुखमाबाई जाणार आहे, मी तिचा दुभाषी.

कागदात पुढे असं आहे, की मोहटोल्याची जागा रिकामी होते आहे, नाकेदाराची इच्छा असल्यास त्याने महिनाअखेर अर्ज करावा. मी सवयीने तुझ्या नावाचा अर्ज लिहायला बसलो होतो. कमळेने समोरची दौतच उचलून नेली. तिचं बरोबर आहे. तुझ्याबद्दल मी एकदा लिहिलं, तेवढं पुरे. हा कागद तू आपल्या हाताने लिही. येतो म्हण, नाहीतर त्या गावाचं तोंड पाहणार नाही म्हण. जे लिहिशील ते एक अक्षर न गाळता मी स्वतः पोचवीन.

तुझा अपराधी,
गुणवंत