स्लीपरच्या रबराचा ठसा

आई, परवा वर्ध्याला शिक्षकांच्या प्रशिक्षणात मी सगळ्यांसमोर एक जुनी स्लीपर कापली. विषय होता बिनखर्चाची हस्तकला. दुकानातले ठशांचे तयार संच आमच्या शाळांना परवडत नाहीत, म्हणून मला बोलावलं होतं. आता आमच्या भागात रबरी ठसे म्हटलं की माझंच नाव निघतं. मी टाचेकडचा जाड तुकडा घेतला, कारण पंजाकडचं रबर झिजून गेलेलं असतं. त्यावर बॉलपेननं कापसाचं बोंड काढलं, अर्ध्या ब्लेडनं कोरलं आणि मागे दोऱ्याचं रिकामं रीळ चिकटवलं. सायकलच्या फाटक्या ट्यूबमधून पानं कापून ती औषधाच्या बाटलीच्या झाकणावर कशी लावायची, बूटपॉलिशच्या रिकाम्या डबीत ब्लँकेटचा तुकडा बसवला की शाईचा पॅड कसा होतो, सगळं दाखवलं. मग ठसा कागदावर टेकवण्याआधी तोंडापाशी नेला आणि ‘हाऽ’ करून त्यावर ऊन श्वास सोडला. पंख्यांच्या घरघरीत, माझ्या अगदी कानामागे, आणखी एक ‘हाऽ’ ऐकू आला. मी वळून पाहिलं. मागे फक्त फळा होता.

एका तरुण बाईंनी विचारलं, “मॅडम, हे कुठं शिकल्या तुम्ही?”

“असंच,” मी म्हणाले. “पाहून पाहून.”

तुला जाऊन अकरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला किती वेळा विचारला गेला असेल, आणि प्रत्येक वेळी मी हेच उत्तर दिलंय. तुझं नाव घेतलं की पुढचा प्रश्न येणार, तुमच्या आई काय करायच्या? आणि मग त्याच्या पुढचा, मग नोकरी का सोडली? म्हणून मी पहिल्याच पायरीवर थांबते. परवा मात्र घरी आल्यावर हातातला रबराचा वास जाईना. साबणानं धुतले, लिंबू चोळलं, तरी जाईना. म्हणून आज दुपारी वही घेऊन बसले.

बाबांच्या जागेवर तू गावच्या शाळेत चपराशी म्हणून लागलीस तेव्हा मी दुसरीत होते. शाळा सुटल्यावर तू वर्ग झाडायचीस आणि मी बाकावर बसून पाय हलवत असायची. केरात खोडरबराचे तुकडे निघायचे, कोणी दातानं कुरतडलेले, कोणी पेन्सिलनं भोकं पाडलेले. तू ते पदराला पुसून एका डब्यात टाकायचीस. ऑफिसात शाईच्या बाटल्या रिकाम्या झाल्या की त्यात थोडं पाणी घालून खळखळवायचीस आणि ते जांभळट पाणी घरी आणायचीस. आदल्या लग्नसराईतल्या पत्रिका उलट्या करून त्यांची पाकिटं करायचीस, त्यावर ठसे मारायचीस. आंब्याचं पान, तुरीची शेंग, कापसाचं बोंड. गावात कोणाकडे लग्न, बारसं असलं की बाया आहेरासाठी तुझ्याकडून पाकिटं न्यायच्या, आणि जाताना वाटीभर डाळ नाहीतर वांगी ठेवून जायच्या. या सगळ्या कामात विकत आणलेली अशी एकच वस्तू होती, ब्लेड. तेही अर्धं मोडून वापरायचीस.

शाई वाचवायची म्हणून तू एकदा बुडवलेला ठसा दोनदा उठवायचीस. पहिल्यांदा गडद उठायचा. मग त्यावर ‘हाऽ’ करून, सुकत आलेली शाई श्वासानं ओली करून, शेजारी दुसरा. तो फिका, कडांना विरलेला. “हे फूल, अन् हे त्याची सावली,” तू म्हणायचीस. मला ती सावली कधी आवडली नाही. कुणीतरी येऊन गेल्यासारखं वाटायचं त्या कागदावर.

मी डावखुरी. तू मला डाव्या हातात ब्लेड दिलंस तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, “काऊन वो, डाव्या हाताले सवय लावून राह्यली?” तू हसून म्हणालीस, “ठशाचं कामच उलटं राह्यते. तिले लवकर येईल.” आलंही लवकर. अक्षरं कोरायला शिकवताना तू माझ्यापुढे आरसा धरायचीस. “आरशात दिसते तसं काढ. जे उजवीकडं पायजे ते डावीकडं कोर. वेलांटीले जप, तेच फसवते.”

माझ्याबरोबर बालवाडीपासून असलेल्या मैत्रिणीला नववीनंतर घरच्यांनी काढून घेतलं, ते तुला आठवत असेल. तिला वर्ध्याला शिलाईच्या क्लासला जायचं होतं. रोजचं एसटीचं भाडं तिच्या घरून मिळणं शक्य नव्हतं, पण शाळेतल्या मुलींना पास फुकट मिळायचा. त्यासाठी फॉर्मवर शाळेचा गोल शिक्का लागायचा. ती नाल्याच्या पुलावर बसून रडली. मी म्हटलं, थांब. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला तिची दया आली. दया आली होतीच. पण त्याहून जास्त मला हे पाहायचं होतं की ते मला जमतं का. तू कामावर असताना मी तुझ्याच डब्यातला स्लीपरचा तुकडा घेतला. दोन दुपारी लागल्या. हेडमास्तरांची सही तिनं स्वतः मारली.

महिना, दीड महिना ती क्लासला गेली. मग पास पुन्हा काढायच्या वेळी डेपोतल्या माणसानं शिक्का नीट पाहिला. मी ‘विद्यालय’मधली वेलांटी चुकीच्या बाजूला कोरली होती. फॉर्मवर ‘वीद्यालय’ उठलं होतं. आमच्या शाळेला स्वतःचंच नाव लिहिता येत नाही का, असं विचारायला तो फॉर्म परत शाळेत आला.

हेडमास्तरांनी माझ्या मैत्रिणीला घरून बोलावून घेतलं. मलाही बोलावलं, कारण आम्ही दोघी नेहमी सोबत असायचो. आणि तुला बोलावलं, कारण त्या गावात ठसे कोण करतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तू हातातली घंटेची काठी दाराशी टेकवून आत आलीस. सरांनी फॉर्म तुझ्यापुढे धरला. तू तो खिडकीजवळ नेलास. उजेडात तिरपा धरलास. तू किती वेळ पाहत होतीस, आई? मला तो वेळ अजून संपलेला वाटत नाही. मी तुझ्या पाठीकडे पाहत उभी आहे, तुझ्या ब्लाउजची शिवण उसवलेली आहे, बाहेर कवायतीच्या शिट्ट्या वाजतायत, आणि तू वळत नाहीस.

“हा शिक्का तुम्ही केला का?” सर म्हणाले.

“हो जी. मीच केला.”

“कशासाठी?”

“पोरीची शिलाई सुटत होती. पाहावलं नाई.”

“बाई, तुम्हाला समजतं का हे काय आहे? हा गुन्हा आहे.”

“समजते सर.”

मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. सरांनी पोलिसांत जाणार नाही असं सांगितलं, पण राजीनामा लिहून घेतला. तू चौथी शिकलेली, वळणदार सही केलीस. बाबांच्या मागे मिळालेली ती जागा मधल्या सुट्टीच्या आत गेली.

घरी आल्यावर तू चूल अंगणात मांडलीस आणि डबा त्यात उपडा केलास. बोंडं, शेंगा, पानं, अक्षरं. रबराचा काळा धूर वर न जाता अंगणातच फिरत राहिला, कपड्यांत, भिंतीत, माझ्या केसांत शिरला. तू काडीनं निखारे सारखे करत, माझ्याकडे न बघता म्हणालीस, “अजून काही ठसे असतीन तुह्याजवळ, तर आन. यातच टाकू.”

माझ्या कंपासपेटीत तो गोल शिक्का होता. पेटी माझ्या मांडीवर होती.

“नाई,” मी म्हटलं. “काही नाई.”

“बरं,” तू म्हणालीस.

दुसऱ्या दिवशी मी तो मागच्या विहिरीत टाकला. मला वाटलं बुडेल. पण स्लीपरचं रबर बुडत नाही, आई. तो पाण्यावर तरंगत राहिला, अक्षरं वर करून. मी दगड मारले, तो बाजूला सरकायचा आणि परत मधे यायचा. दिवसभरात चार वेळा जाऊन पाहिलं, तिथंच. सकाळी पुन्हा गेले तर नव्हता. त्या विहिरीवर पहाटे पाणी भरायला फक्त तू जायचीस. तरी मी ठरवलं की तो अखेर बुडाला असेल. आणि मी हेही ठरवलं की तुला वाटतंय तो ठसा माझ्या मैत्रिणीनंच कसाबसा केला, तिच्यावर दया येऊन तू आळ अंगावर घेतलास. एवढं एक धरून ठेवलं की मला तुझ्याबरोबर एका ताटात जेवता यायचं.

त्यानंतर तू लोकांच्या वावरात कापूस वेचलास, सेलूच्या बाजारात मेथी-पालक घेऊन बसलीस. दहावी झाली, बारावी झाली, डीएड झालं. तू पुन्हा ब्लेड हातात घेतलं नाहीस. मी घेतलं. पहिल्या नोकरीत, खेड्यातल्या शाळेत, मुलांना रंगपेटी नव्हती म्हणून एक तुटकी चप्पल कापली, आणि मग ते थांबलंच नाही. मुलं आनंदानं नाचायची. मी घरी येऊन तुला ते कधी सांगितलं नाही. तुला माझ्या पिशवीतून रबराचा वास येत असेलच.

शेवटच्या आजारात, दवाखान्यात, तू एकदा माझा डावा हात उलटा करून बोटांवरचे ब्लेडचे बारीक व्रण पाहिलेस. एकेकावरून अंगठा फिरवलास. तू काहीतरी बोलणार होतीस. मी हात काढून घेतला आणि म्हटलं, “चहा आनतो तुह्यासाठी.” खाली जाऊन मी स्वतःच चहा प्यायले, आणि रिकाम्या हातानं वर आले. तू डोळे मिटले होतेस. त्यानंतर दोन दिवस होतीस, पण बोललो ते औषधांबद्दल.

गेल्या महिन्यात हायवेवर, जाम गावच्या चौकात नागपूरच्या गाडीची वाट पाहत उभी होते. शेजारी एक बाई कापडांचं गाठोडं सांभाळत उभी. तिनंच ओळखलं. माझी ती मैत्रीण. आता हिंगणघाटला तिचं शिलाईचं दुकान आहे, दोन बाया हाताखाली. आम्ही रसवंतीच्या बाकावर बसलो. इकडचं तिकडचं झालं, आणि मग ती सहज म्हणाली, जणू मला माहीतच असावं,

“तुही आई त्याच दिवशी सांजच्याले आमच्या घरी आलती. मले बाजूले घेऊन म्हने, ‘ठसा कोनं केला मले माहीत हाय. डाव्या हाताची कोर हाय ते, कडा पायल्या की समजते. तिची यंदा दहावी हाय. तू तिचं नाव कधी घेऊ नको, अन् शिलाई सोडू नको.’ मी मंग पायीपायी गेली वर्षभर. कधी ट्रकवाले बसवून घेत.” तिनं ग्लास खाली ठेवला. “तुले सांगतलं नाई का तिनं?”

ट्रक जात होते. बाकाखालून जमीन हादरत होती. मला खिडकीशी उभी तू दिसत होतीस, कागद तिरपा धरलेली. तू एवढा वेळ शिक्का पाहत नव्हतीस तर. तो माझा आहे हे तुला पहिल्याच नजरेत कळलं होतं. उरलेला वेळ तू काय बोलायचं ते ठरवत होतीस. आणि अंगणात, धुरात, तू मला एकदा विचारलंस. एकदाच. तेव्हापासून तू मला प्रत्येक ठशाच्या कडेला दिसतेस. वर्गात एखादी मुलगी मान वाकडी करून ठसा उचलते आणि खालून उठलेलं चित्र पाहते, तेव्हा तिच्या मानेत तू असतेस. मुलं ओरडतात, “मॅडम, उठला, उठला!” आणि मला वाटतं आता कोणीतरी खिडकीकडून वळेल.

हे पत्र कुठं पाठवायचं? गावचं घर विकलं, विहीर बुजवून तिथं कोणी गोठा बांधलाय. मी हे आमच्या हजेरीपटांच्या कपाटात ठेवीन, किंवा ठेवणारही नाही. पण ते बंद करण्याआधी वरच्या हकिकतीत मी एक गाळलंय ते लिहिते.

त्या बाकावर, तुझं सगळं ऐकून झाल्यावर, मी रडले नाही. तू आणखी काय म्हणालीस, तुझा चेहरा कसा होता, तू चालत परत गेलीस का, यातलं काही मी विचारलं नाही. मी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली करून मैत्रिणीला विचारलं, “अजून कोनाले माहीत हाय हे?”

तिनं कापडांचं गाठोडं जवळ ओढलं. मग म्हणाली, “कोनालेच नाई.”

आणि मला बरं वाटलं, आई.