पाया दिवाळीनंतर

बाबा, तुम्ही गेल्यानंतर मला बढती मिळाली, आणि तिवशाकडच्या एका गावातल्या दवाखान्याचं काम माझ्याकडे आलं. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं राहून गेलंय.

तुम्ही ज्या बांधकाम खात्यात जन्म काढला त्याच खात्यात मी आहे. तुम्हाला सगळे तारखेचा माणूस म्हणायचे. अकोल्याकडे तुम्ही बांधलेली ती शाळा मला आठवते. मी आठवीत होते, तुम्ही मला स्कूटरवर मागे बसवून तिथे घेऊन गेला होतात. शाळा सुरू होऊन दोन पावसाळेही उलटले नव्हते आणि मधल्या भिंतीला खालपासून वरपर्यंत भेग पडली होती. पोरं बाहेर निंबाखाली बसली होती. तुम्ही बराच वेळ भेगेपाशी उभे होता. मग मला म्हणालात, "तारीख पाळली म्या. भर पावसात काळ्या मातीत पाया भरला. सायबायनं पाठ थोपटली, अन् हे पाह्य काय झालं."

माझ्या नोकरीचा कागद आला त्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात जेवत होता. आई तव्यावर भाकरी टाकत होती. मला वाटलं, तुम्ही शाबासकी द्याल. तुम्ही झुणक्यात कालवलेला घास तसाच हातात धरून म्हणालात, "उशीर झाला का लोक शिव्या देतात. त्या खाऊन घेत जाय." आई रागावली, आजच्या दिवशी तरी चांगलं बोला म्हणाली. मलाही वाईट वाटलं होतं.

दवाखान्याचं असं झालं. कागद वर्षभर या टेबलावरून त्या टेबलावर फिरले आणि काम सुरू करायचा आदेश आला तो पावसाळा तोंडावर असताना. उद्घाटन मात्र आधीच ठरलं होतं, आचारसंहिता लागण्यापूर्वी. त्या दिवसापासून मागे मोजत कोणीतरी वेळापत्रक आखलं होतं, आणि त्यात पाया बरोबर आषाढात येत होता. मी जागा पाहिली. पुरुषभर खोल खणलं तरी काळीच माती. पाया दिवाळीनंतर घेऊ, असं मी लेखी कळवलं. बैठकीत साहेबांनी मला सगळ्यांसमोर विचारलं की निधी परत गेला तर गावाला तोंड तुम्ही दाखवणार का. मी हो म्हणाले. निधी कसाबसा वाचला, पण काम थांबलं.

गावाला तोंड दाखवायची वेळ आलीच. एक म्हातारी माझी गाडी अडवून उभी राहिली. तिची सून पोटुशी होती. तिने शांतपणे विचारलं, "बाई, तुमी कावून थांबवलं?" मी तिला माती फुगते कशी, पाया हलतो कसा, ते समजावू लागले. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मातीचं आमाले नोका सांगू. आमी तिच्यातच रायतो. पोटातल्या लेकराले थांब म्हणून कसं सांगू, थे सांगा."

मी समाजमंदिराच्या दोन खोल्यांत नर्सची बसायची सोय करून घेतली. ती आठवड्यातून दोनदा यायची. सुनेला कळा सुरू झाल्या त्या दिवशी नर्स नव्हती. तिवशाला नेताना रस्त्यातच, चिखलात रुतलेल्या ऑटोत ती बाळंत झाली. दोघं वाचली. हे मला ठेकेदाराने फोनवर सांगितलं. मी ऑफिसात होते. पुढ्यातल्या फायलीवर तासभर सही करता आली नाही.

दिवाळीनंतर काम सुरू झालं आणि नंतर एकदाही अडलं नाही. दवाखाना पाच-सहा महिने उशिरा उघडला. दोन पावसाळे झाले, भिंती जशाच्या तशा आहेत. पण बाबा, शेजारच्या तालुक्यात माझ्या एका सहकाऱ्याने अगदी तसाच दवाखाना भर पावसात पाया भरून तारखेला उभा केला. त्यालाही आजवर तडा नाही. तिथे काळी माती थोडीच होती, खाली घट्ट मुरूम वरच लागला म्हणतात. असेलही.

उद्घाटनाला ती म्हातारी आली होती. कडेवरचं पोरगं तिने माझ्याकडे दिलं. "हे थेच पोट्टं," एवढंच म्हणाली. शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं. त्याने माझ्या गळ्यातलं ओळखपत्र तोंडात घातलं आणि मी ते ओढून घेतलं तर रडू लागलं.

आता नव्या इंजिनिअरांना शिकवायला मला बोलावतात. वेळापत्रक शेवटच्या तारखेपासून उलटं मोजू नका, जमिनीपासून सुरू करा, असं मी सांगते आणि पोरं लिहून घेतात. मी धीराने निर्णय घेतला, असं त्यांना वाटतं. मीही ते वाटू देते. हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणून तुम्हाला सांगते. बाबा, तो धीर नव्हता. मला त्या शाळेच्या भेगेची भीती वाटली होती.